विनंती थांबा

साहेबांनी जेवायला बोलावलं की ताई आधी घरीच दोन घास खाऊन निघायची. लहानपणी स्वयंपाकघरात चोरून खाऊन मग टेबलावर बसायची, तीच सवय. त्या टेबलावर वाढलेलं अन्न बहुतेकदा तसंच निवायचं, कारण सूप संपता संपता साहेब मुद्द्यावर यायचे आणि मुद्दा संपेपर्यंत कुणाला भूक उरायची नाही.

रविवारची दुपार होती. निरोप आईने फोनवर दिला होता, शब्द मात्र साहेबांचे होते. “सगळ्यांनी यायचं. वेळेवर.” बापाला साहेब म्हणणारी लेकरं जगात फार नसतील. पण ज्याने उभी हयात सरकारी रुग्णालय हाकलं, ज्याच्या किल्ल्यांचा आवाज जिन्यात आला की वॉर्डातले पेशंटसुद्धा खाटेवर सरळ होऊन बसायचे, त्याला घरी ‘बाबा’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. आईसुद्धा साहेबच म्हणायची. धाकाने की चेष्टेने, हे तिने आजवर कुणाला कळू दिलेलं नाही.

आता त्या रुग्णालयाची अधीक्षक ताई होती. खोली तीच होती, खुर्चीही तीच, फक्त ताई त्या खुर्चीवर फारशी बसायची नाही. तिचा कारभार चालायचा अपघात विभागाबाहेरच्या बोळात. तिथे रोज सकाळी उभी बैठक भरायची. उभी, कारण बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या आणि कुणी बसायचं यावरूनच पहिल्या दिवशी भांडण झालं होतं. बोलायला सुरुवात सगळ्यांत नव्या माणसाने करायची आणि अधीक्षकांनी सगळ्यांत शेवटी तोंड उघडायचं, असा नियम होता. नर्सेस आपल्या पाळ्या आपणच ठरवायच्या. ड्रेसिंगची गाडी कुठे उभी करायची, इथपासून रात्री रक्त कोण आणणार, इथपर्यंत सगळं त्या बोळात ठरायचं. लोक हसले. मग टाके पिकायचे कमी झाले, नर्सेस नोकरी सोडून जायच्या थांबल्या, अपघात विभागात ताटकळणारी रांग दारातून आत सरकली, तेव्हा लोक हसायचे थांबले. पूर्वी मोठी माणसं या रुग्णालयाच्या दारावरून गाडी दामटत खासगीत जायची. आता तीच माणसं ओळख लावून इथे भरती होऊ लागली होती. खरं तर घोळ तिथेच झाला.

“तर,” साहेबांनी सुपाचा चमचा खाली ठेवला. “हा पोट उघडून उभा होता आणि हिने याला थांबा म्हटलं. बरोबर?”

“पोट माझं नव्हतं, साहेब. पेशंटचं होतं,” धाकटा म्हणाला.

कुणी हसलं नाही. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ, त्याच रुग्णालयात सर्जन. आणि ‘हिने’ म्हणजे ताईची सून, ऑपरेशन थिएटरची नर्स. ती टेबलाच्या टोकाला, जिथे उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते त्या खुर्चीत बसली होती. नवरा बाहेरगावी कामाला, त्यामुळे ती एकटीच आली होती. संध्याकाळी ड्यूटी होती म्हणून केस आधीच घट्ट बांधलेले.

“आणि पेशंट कोण? तर आरोग्य खात्याच्या संचालकांचा व्याही!” साहेब म्हणाले. “मुलीचा सासरा! अरे, निदान माणूस बघून तरी थांबवायचं.”

“भूल दिल्यावर सगळे सारखेच दिसतात, आजोबा,” सून म्हणाली.

“मी तुला विचारलेलं नाही.”

“तेच तर,” ती पुटपुटली. आईने तिच्याकडे पाव सरकवला. या घरात पाव सरकवणं म्हणजे ‘आत्ता नको’ असं सांगणं.

*

धाकट्याला सूप आवडायचं, पण आज तो ते नुसतं ढवळत होता. महिनाभर त्याच्या डोक्यात तेच चाललं होतं. टाके घालायला सुई हातात घेतली होती. सगळं ठीक झालं होतं, सुरेख झालं होतं. आणि मागून आवाज आला, “थांबा.”

हा शब्द त्या बोळातच ठरला होता. थिएटरमध्ये कुणालाही काही खटकलं तर त्याने ‘थांबा’ म्हणायचं. म्हणणारा कोण हे बघायचं नाही, का म्हणतोस हेही लगेच विचारायचं नाही; आधी हात वर घ्यायचे. शब्दावरही तासभर काथ्याकूट झाला होता. मोठ्या डॉक्टरांनी ज्युनिअरला ‘थांब’ म्हटलं तर चालेल का? नाही, असं ठरलं. सगळ्यांनी सगळ्यांना ‘थांबा’च म्हणायचं. प्राध्यापकाने वॉर्डबॉयला, वॉर्डबॉयने प्राध्यापकाला. एकच शब्द, एकच मान. कुणीतरी त्याला ‘विनंती थांबा’ नाव ठेवलं, एसटीच्या फलकासारखं, आणि ते चिकटलं.

हात वर करून ठराव झाला तेव्हा धाकट्याचाही हात वर होता. मनापासून होता की बाकीचे वर होते म्हणून, हे त्याला आज विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आणि ‘थांबा’ कामाचा होता, हे तो स्वतःशी तरी नाकारत नव्हता. हाडांच्या डॉक्टरांनी एकदा डाव्या गुडघ्याऐवजी उजवा औषधाने रंगवून ठेवला होता, तेव्हा भूल देणाऱ्या पोरीने थांबवलं होतं. पण त्याला थांबवलं ते एका मॉपसाठी. मॉप म्हणजे रक्त टिपायचे कापडाचे तुकडे. पोट शिवायच्या आधी ते मोजतात, आत एखादा राहू नये म्हणून. सुनेच्या मोजणीत एक कमी भरत होता. तो हात छातीशी धरून उभा राहिला, शिकाऊ डॉक्टर बघत राहिले, घाम पुसायलासुद्धा कुणी पुढे झालं नाही. पुन्हा मोजलं, एक्स-रेचं मशीन आणलं, आत काही नव्हतं. शेवटी मॉप तबकातच सापडला. दोन ओले मॉप एकमेकांना चिकटून एक झाले होते.

ती चुकली होती. साधी गोष्ट. ती चुकली आणि व्याही नको तेवढा वेळ भुलीखाली राहिले, नंतर छातीत कफ झाला, आठवडाभर जास्त पडून राहिले, आणि बरे होऊन घरी गेले. बरे झाले नसते तर कदाचित एवढी बोंब झाली नसती. बऱ्या झालेल्या माणसाला तक्रार करायला ताकद असते.

“मी संचालकांशी बोललोय,” साहेब म्हणत होते. “माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं आहे ते. माझा शब्द मोडणार नाही. हिने माफी मागायची. याची आणि त्या व्याह्यांची. लेखी. आणि तुझा तो बोळातला तमाशा बंद. हॉस्पिटल आहे ते, बसचा थांबा नाही, की कुणीही वाटेत हात केला.”

“माफी नाही मागणार,” सून म्हणाली.

“चुकलीस ना?”

“चुकले. दहा जणांसमोर सांगितलं मी चुकले. सरांनाही त्याच वेळी सांगितलं. पण माफी नाही.”

सर. धाकट्याने मान वर केली. घरी ती त्याला मामा म्हणायची, थिएटरमध्ये सर. आज जेवणाच्या टेबलावर ती सर म्हणाली आणि त्याला वाटलं, आपल्याला दाराबाहेर उभं केलंय.

“अगं, शब्दाने काय झिजतं माणसाचं?” वहिनी, धाकट्याची बायको, मऊ आवाजात म्हणाली. “सॉरी म्हणून टाकायचं, विषय संपवायचा. आम्ही नाही का रोज म्हणत?”

“तुम्ही कुणाला म्हणता, मामी?”

वहिनीने धाकट्याकडे पाहिलं आणि काट्याने बटाटा उगाचच दोनदा फोडला.

“मी एकटी सॉरी म्हणाले तर हरकत नाही हो,” सून म्हणाली. “पण उद्या एखाद्या पोरीला मोजताना एक कमी भरला, तर ती काय करील? आधी विचार करील, खात्री आहे का? नसेल तर गप्प बसू, नाहीतर माफी मागावी लागेल. आणि मॉप राहील आत. खात्री असल्यावरच बोलायचं असेल तर तो शब्द कशाला हवा? खात्री असलेली माणसं तशीही ओरडतातच.”

*

ताई इतका वेळ गप्प होती. ताई गप्प असली की धाकटा सावध व्हायचा. लहानपणीही ती आधी गप्प व्हायची आणि मग एकदम काहीतरी करून बसायची.

“माफीची गरज नाही,” ती म्हणाली. “मी काल संचालकांकडे जाऊन आले. मी अधीक्षकपद सोडतेय. उद्या आदेश निघेल. त्या बदल्यात हिच्यावर काही कारवाई होणार नाही. बोलणं झालंय.”

तिने हे असं सांगितलं जसं कुणी म्हणावं, बिल मी देऊन टाकलंय, आता शांतपणे जेवा.

खरं तर दोन आठवडे तिला झोप नव्हती. सुनेला निलंबित केलं तर बोळातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाला कुलूप लागणार. पाठीशी घातलं तर लोक म्हणणार, सून आहे ना, म्हणून. म्हणायला सुरुवात झालीही होती. एक दिवस तिच्या खोलीच्या दारावर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, ‘सासू-सुनेचं रुग्णालय’. तिने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि कुणाला सांगितलं नाही. आपणच बाजूला झालो तर दोन्ही प्रश्न सुटतात, असं तिला वाटलं. आणि वाटलं की आपण काहीतरी मोठ्या मनाचं केलंय.

साहेबांचा चेहरा उजळला. “शहाणपणाचं केलंस,” ते म्हणाले. “मग याचं नक्की.”

“माझं काय नक्की?” धाकट्याने विचारलं.

साहेबांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने बटाट्याकडे.

“अधीक्षक,” साहेब म्हणाले. “दुसरं कोण आहे तिथे? संचालक म्हणाला, घरातच राहील. तू फक्त तुझा जबाब द्यायचास की त्या थांबवण्यामुळे पेशंटच्या जिवाला धोका झाला. म्हणजे फाइल पूर्ण होते.”

वहिनीला आत्ता इथून उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटत होतं. साहेबांनी तिला आठवड्यापूर्वीच फोन केला होता. “त्याला आत्ता सांगू नकोस, तो घोळ घालील,” असंही म्हणाले होते, आणि तिने नाही सांगितलं. तिला नवऱ्यासाठी ती खुर्ची हवी होती, त्यात लपवण्यासारखं काय? इतकी वर्षं तो सकाळी अंधारात जातो आणि परत येतो तेव्हा मुलं झोपलेली असतात. कधीतरी त्याच्या दारावर पाटी लागावी, हा काही गुन्हा नव्हता. पण ताई स्वतःहून उतरेल असं तिला वाटलं नव्हतं. ताईच्या हातून ती खुर्ची अशी ओढून घेतल्यासारखी आली आणि तिचा आनंद तोंडातच कडू झाला.

“तुला माहीत होतं,” धाकटा तिला म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

“साहेब म्हणाले...”

“साहेब म्हणाले! माझ्या नावाची पाटी रंगवायला टाकली असेल एव्हाना, मला तेवढं सांगायचं राहिलं. काय हो साहेब, रंग तरी विचाराल का, की तोही ठरला?”

“आवाज खाली.”

“नाही होत खाली!”

आणि तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून, आवाज अजिबात न चढवता, सून बोलली. “मॅडम, मला विचारलंत का?”

*

मॅडम. रुग्णालयात सगळेच ताईला मॅडम म्हणतात. घरी सून तिला आई म्हणते. आणि हा शब्द ताईला असा लागला की हातातला ग्लास तिने जरा जोरातच ठेवला.

“तुझ्यासाठीच केलं मी.”

“माझ्यासाठी. पण मला न विचारता.” सुनेने हात मांडीवर घट्ट दाबून धरले. तिला रडू नको होतं. रडली असती तर सगळ्यांनी तिला पाणी दिलं असतं आणि विषय संपवला असता. “रोज सकाळी बोळात तुम्ही विचारता. गादीवरच्या चादरी कोणत्या वाराला बदलायच्या तेसुद्धा विचारता. परवा त्या नव्या पोरीला तुम्ही सांगितलंत की इथे तुझ्याबद्दल तुझ्यामागे काही ठरत नाही. तिने ते घरी जाऊन आईला सांगितलं, मला माहीत आहे. आणि माझ्याबद्दल? माझी नोकरी, माझी चूक, माझं नाव. सगळं तुम्ही काल संचालकांच्या खोलीत एकट्या जाऊन ठरवून आलात. आणि मला कळतं कधी? बटाटे वाढताना.”

“तुला निलंबित केलं असतं,” ताई म्हणाली.

“केलं असतं तर केलं असतं! चौकशी झाली असती. मला चौकशी हवी होती! माझी करा, सगळ्यांसमोर करा. मी सांगितलं असतं, मोजणीत चुकले, मॉप चिकटले होते, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा थांबवीन. आता काय सांगणार मी? की सासूने खुर्ची देऊन माझी चूक सोडवून आणली? उद्यापासून थिएटरमध्ये मी कुणाला तोंड दाखवू? आणि कोण म्हणेल थांबा? म्हणणाऱ्याची सासू अधीक्षक असायला लागते, एवढंच शिकतील सगळे.”

ताईने ताट पुढे ढकललं. तिला राग आला होता, खूप राग, आणि तो कुणावर हेच तिला सापडत नव्हतं. या पोरीवर, जिच्यासाठी तिने सगळं सोडलं आणि जी आता वकिलासारखी तिचीच उलटतपासणी घेत होती? त्या संचालकावर, ज्याने काल तिला चहासुद्धा विचारला नाही आणि राजीनाम्याचं ऐकताच लगेच चहा मागवला? ती काल त्या खोलीत शिरली तेव्हा तिने दार लावून घेतलं होतं. दार लावून. इतकी वर्षं ती सांगत आली होती की या रुग्णालयात दार लावून काही ठरायचं नाही.

“हे असंच होतं मग,” साहेब समाधानाने म्हणाले. “सगळ्यांना विचारत बसलं की मग सगळे विचारतात. माझ्या काळात हे नव्हतं. रुग्णालय घड्याळासारखं चालायचं.”

“हो, चालायचं,” ताई एकदम वळून म्हणाली. तिला शेवटी राग ठेवायला जागा सापडली होती. “तुमच्या पायांवर चालायचं, साहेब. तुम्ही रिटायर झालात आणि आठवडाभरात सगळं बसलं. आठवतंय? मी तेव्हा तिथे नवी होते. औषधं संपली तर कुणी मागवायची, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते फक्त तुम्हाला माहीत होतं. लोकं वॉर्डात उभी राहून वाट बघायची की जिन्यात किल्ल्या वाजतील. तुम्ही घड्याळ चालवलंत, पण किल्ली खिशात घालून घरी गेलात.”

“माझ्या टेबलावर,” साहेब एकेक शब्द सावकाश म्हणाले, “मला कधी कुणी थांबवलं नाही.”

“नाही,” आई म्हणाली. “कुणी थांबवलं नाही.”

आई लग्नाआधी त्याच थिएटरमध्ये नर्स होती, साहेब ऑपरेशन करायचे तेव्हा टेबलाशी उभी असायची. ती एवढंच बोलली आणि साहेबांच्या ताटात मासा वाढू लागली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. वाक्य त्यांचंच होतं, तरीही परत आलं ते काहीतरी वेगळं होऊन आलं होतं. धाकट्याने काटा खाली ठेवला.

*

“बरं,” ताई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. “मी विचारायला हवं होतं. विचारते. काल विचारायचं ते आज विचारते. मी काय करू?”

ती कुणाकडे बघून बोलतेय ते कुणाला कळेना. मग वहिनीच्या लक्षात आलं. तिने नवऱ्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं. “नव्या माणसापासून,” ती म्हणाली. “तसंच असतं ना तुमचं?”

“या घरात मी सगळ्यांत नवी,” सून म्हणाली. “तुम्ही राजीनामा मागे घ्या. माझी चौकशी होऊ द्या. निलंबन आलं तर येऊ दे. भीती वाटते मला, नाही असं नाही. घराचा हप्ता आहे. पण मला हेच हवंय.” आणि मग जरा थांबून म्हणाली, “आणि चौकशीला तुम्ही बसायचं नाही, आई. दुसरं कुणीतरी बसेल.”

आई. ताईने मान हलवली.

“वहिनी?” ताईने विचारलं.

वहिनीने कोरडेच हात पुसले. “खोटं कशाला बोलू? मला वाटतं ह्यांना खुर्ची मिळावी. आत्ताही वाटतं. तुमच्यानंतर, रीतसर, लोकांनी ह्यांचं नाव घेऊन. असं मागच्या दाराने आणलं तर मीच दार उघडणार नाही. आणि साहेब, पुन्हा मला फोन करून म्हणू नका की त्याला सांगू नकोस. मी काही रुग्णालयाची शिपाई नाही.”

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. त्याला हसू आलं, आणि रागही पुरता गेला नव्हता.

“मी खूप चिडलो होतो,” तो म्हणाला. “अजून चिडलोय. मला तिथे शिकाऊ पोरांसमोर खांबासारखं उभं केलं, आणि कशासाठी, तर काही नाही म्हणून. मला कुणी विचारलं की धोका झाला का, तर मी म्हणेन त्रास झाला, वेळ गेला, पेशंटलाही भोगावं लागलं. ते मी जबाबात लिहिणार. ती चुकली हेही लिहिणार.” सुनेने नजर खाली घातली नाही. “आणि हेही लिहिणार की थांबवायचं ठरलं तेव्हा माझा हात वर होता. तेव्हा असं नव्हतं ठरलं की बरोबर असेल तरच थांबवायचं. ठरलं असतं तर मी तेव्हाच हसलो असतो. दोन्ही लिहीन. संचालकांना अर्धंच हवं असेल तर त्यांनी स्वतः लिहावं, सही पण स्वतःच करावी.”

“आई?” ताई तिच्या आईकडे वळली.

“माझं मघाशी बोलून झालं,” आई म्हणाली.

राहिले साहेब. सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली, आणि साहेबांच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा आपण इतक्या जणांचं पूर्ण ऐकलं, कारण मध्ये बोलायची पाळीच आली नाही. त्यांना त्याचाही संताप आला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, शेवटचा नंबर.

“तुम्हाला काय वाटतं, साहेब?” ताईने विचारलं. तिने हे टोमण्याने विचारलं नव्हतं. तिला खरंच ऐकायचं होतं, आणि ते साहेबांना कळलं, म्हणून त्यांना जास्त जड गेलं.

“मूर्खपणा वाटतो,” ते म्हणाले. “पोरीची नोकरी जाईल. तुझं नाव खराब होईल. याला काही मिळणार नाही. सगळी एका दमात बुडाल, आणि पुन्हा बोळात उभे राहून एकमेकांना विचाराल, कसे काय बुडालो. मला हे पटत नाही. पटणारही नाही.” ते श्वास घ्यायला थांबले. “पण फोन करणार असशील तर इथूनच कर. आतल्या खोलीत जाऊन करू नकोस.”

ताईने तिथेच, ताटं तशीच असताना, फोन लावला. संचालकांनी लगेच उचलला. या घरातून काहीतरी ऐकायची त्यांना बहुधा अपेक्षाच होती. पहिल्यांदा आवाजात मध होता. राजीनामा मागे घेतेय म्हटल्यावर मध संपला. खोलीतल्या सगळ्यांना पलीकडचे तुकडे ऐकू येत होते. शब्द देऊन फिरता, वरपर्यंत कळवलंय, तुम्हाला घरचं माणूस वाचवायचं होतं ना.

“मी शब्द दिला, तोच चुकला,” ताई म्हणाली. “तो माझ्या एकटीचा द्यायचा नव्हता. चौकशी लावा, सर. माझ्याशिवाय लावा. तक्रार करणाऱ्यांनाही बोलवा, आणि थिएटरमधल्या सगळ्यांना बोलवा.”

“तुम्ही भावनेच्या भरात बोलताय,” पलीकडून आलं, आता अगदी स्पष्ट. “उद्याच निलंबनाचा आदेश काढावा लागेल मला. तुमच्या सुनेची नोकरी जाऊ शकते. एवढं तरी कळतंय का तुम्हाला?”

ताईने सुनेकडे पाहिलं. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आणि तशीच, कड न सोडता, तिने होकारार्थी मान हलवली.

“कळतंय, सर,” ताई म्हणाली. “तिला विचारलंय.”